साहेबाच्या कागदांना ऊन

नवतपा लागला की आमच्या गच्चीवर अनवाणी जाता येत नाही, आणि चपला घालूनही फार वेळ थांबता येत नाही. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस धरती तापते, असं इकडे सगळे म्हणतात. आमचं घर बौद्ध. नक्षत्रं वगैरे आम्ही मानत नाही. पण नवतपा मानत नाही असं म्हणणारा माणूस मी रायपुरात अजून पाहिलेला नाही. तो आपलं मत विचारत बसत नाही. नळाला चहाचं आधण येतं, कूलर तोंडावर गरम फुंकर मारतो, आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी घामेजल्या तळव्यांना चिकटून देवाणघेवाण असल्यासारखी या खोलीतून त्या खोलीत फिरते.

आज सकाळी सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पापड वाळवायचं जुनं पातळ घेऊन वर गेली आणि वरूनच म्हणाली की वारा सुटलाय, वजनाला काहीतरी आणा. मी पलंगाखालची काळी ट्रंक ओढली. आत काही नाही. फक्त गिट्टी आहे, रुळांखाली असते ती, टोकदार, करड्या रंगाची. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि आयुष्यात त्यांनी सरकारची एवढीच चोरी केली. ट्रंक हलवली तशी गिट्टी खडखडली, आणि मी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, सरकारी खात्यात फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणारा गृहस्थ, फरशीवर फतकल मारून बसून राहिलो. बायकोनं दोनदा हाक मारली.

गेल्या नवतप्यात या ट्रंकेत कागद होते.

झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आहे, आता अर्धं उडालेलं : कॅप्टन टी. आर. मॉर्डन. आमच्या घरात त्यांना कोणी कॅप्टन म्हटलं नाही. ते नुसते साहेब. माझे आजोबा भंडाऱ्याकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर या साहेबांचे अर्दली होते. आजोबांच्या गोष्टींत युद्ध फार कमी आणि पाऊस फार. बुटांवर बुरशी, पिठात अळ्या, खेचराच्या पाठीला जळवा, आणि साहेबांचे कागद एकमेकांना असे चिकटलेले की वेगळे करताना त्यांची सालं निघायची. साहेबांना लिहायचा नाद होता. डाक महिनोन्महिने निघत नसे, तरी ते घरी पत्रं लिहायचे आणि रस्ता उघडेल तेव्हा पाठवू म्हणून ट्रंकेत टाकायचे. ढग जरा फाटला की हातातलं सोडून ओरडायचे, "धूप!" त्यांना हिंदीतला हा एकच शब्द नीट येत होता, असं आजोबा सांगायचे. मग आजोबांनी ट्रंक उघडायची, झुडपांवर ताडपत्री टाकायची आणि कागदांना ऊन दाखवायचं. हा कायमचा हुकूम होता. तो कोणी मागे घेतला नाही, कारण मागे घेणारा राहिला नाही.

एका सकाळी साहेब पुढच्या टेकडीकडे गेले. जाताना म्हणाले, ट्रंक माझ्या हातात द्यायची, नाहीतर माझ्या घरच्या माणसाच्या हातात. ते परत आले नाहीत. काही दिवसांनी पलटणीतला कारकून साहेबांचं सामान गोळा करायला आला. आजोबांनी बिछाना दिला, बूट दिले, दाढीचा डबा दिला. ट्रंक मात्र खेचरांच्या चाऱ्याखाली लपवली, कारण कारकून काही साहेबांच्या घरचा नव्हता.

हे लहानपणी ऐकताना माझी छाती फुगायची. गेल्या वर्षीपासून हीच गोष्ट आठवली की मी त्या कारकुनापाशी अडतो. त्या कारकुनाला ट्रंक दिली असती तर ती पत्रं सरकारी शिक्के खात खात का होईना, बोटीनं घरी गेली असती.

लढाई संपली. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले, पुढे रेल्वेत खलाशी, म्हणजे बिगारी, म्हणून रायपूरला. ट्रंक पाठोपाठ. आणि दर नवतप्यात साहेबांचा हुकूम. लोखंड तापल्याचा वास, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि जुन्या कागदाचा, भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा वास, एवढं मिळून माझा उन्हाळा व्हायचा. एका बाजूला आईच्या कुरड्या, दुसऱ्या बाजूला साहेबांचे कागद. दोघांना नियम एकच : बाराला उलटायचे. आजोबा डोक्यावर ओला पंचा टाकून पाण्याच्या टाकीच्या सावलीत पहाऱ्याला बसत. कॉलनीतले लोक त्यांना बबा, म्हणजे आजोबा, म्हणत आणि हसायचे, "बबा के अंग्रेज पापड सूख गए क्या?" आजोबा मान हलवून म्हणायचे, अजून थोडे ओले आहेत.

वाचायची मात्र मनाई. ती अमानत, दुसऱ्याची ठेव होती, आणि अमानत सांभाळायची असते, तिच्यात डोकावायचं नसतं. आमच्या घरात आज्ञा पाळायची फार हौस, त्यातही जी पाळायला सोपी ती आधी. दुसऱ्याची इंग्रजी, तिरपी, गिचमिड अक्षरं नवतप्यात न वाचण्याची आज्ञा मी किती निष्ठेनं पाळली म्हणून सांगू!

आजोबा गेले. ऊन द्यायचं काम त्याआधीच, ते थकल्यावर, बाबांकडे आलं होतं. पुढे काचबिंदूनं बाबांची नजर गेली, तरी ते जिना चढायचे. मी उन्हानं डोळे मिटत, मनाई आठवून न पाहताच कागद हातात देत जायचो, ते बोटांनी कडा चाचपत आणि समाधानानं म्हणत, "एक भोक नाही. वाळवीची हिंमत नाही झाली." कागद खरंच कडक होता, तळायला घ्यावा असा.

गेल्या वर्षी नवतप्याच्या तोंडावर माझ्या मुलीनं, प्रांजूनं, ट्रंकेच्या झाकणाचा फोटो इंटरनेटवर टाकला. महायुद्धातल्या सैनिकांच्या घरच्यांचा कुठला गट होता. ती कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती हातात फोन घेऊन आली आणि म्हणाली, "पापा, साहब की बेटी ज़िंदा है."

बेटी म्हणजे ऐंशी ओलांडलेली. नाव रूथ. इंग्लंडमध्ये, म्हाताऱ्यांना सांभाळतात तसल्या एका घरात, अंथरुणाला खिळलेली. तिच्या भाच्यानं, आईच्या दुसऱ्या लग्नातल्या धाकट्या बहिणीच्या मुलानं, कळवलं होतं की मावशी साहेबांचं एकुलतं मूल आणि तिचा जन्म ते लढाईवर गेल्यानंतरचा. आईनं मुलगी झाल्याचं पत्र लिहिलं होतं, नावही कळवलं होतं. ते पत्र त्यांना मिळालं की आधीच सगळं संपलं, हे कोणालाच ठाऊक नाही. तिकडून उत्तर आलं नाही. सरकारी कागदांत ही गोष्ट नसते. मावशीला एवढंच विचारायचंय की मी जगात आले हे माझ्या वडिलांना माहीत होतं का, आणि माझं नाव त्यांनी कुठे लिहिलंय का. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. येत्या रविवारी व्हिडिओवर बोलता येईल का?

मी धावत बाबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, बाबा, आले साहेबांच्या घरचे. मला वाटलं होतं ते उठून बसतील, आजोबांचं नाव घेतील, डोळे पुसतील. ते भिंतीकडे तोंड करून निजले. त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी लिंबाचं सरबत दोन घोट. गोळ्या उशीखाली सापडल्या. सुनंदा म्हणाली, ऊन लागलं असेल. मी म्हटलं, आनंदाचा ताण असेल. माणसाच्या मनातलं ओळखण्यात मी पहिल्यापासूनच हुशार.

शनिवारी दुपारी प्रांजू आणि मी कागदांचे फोटो काढायला बसलो. तिनं पहिला कागद खिडकीशी धरला, मग उलटा केला. दुसरा घेतला. तिसरा. मग माझ्याकडे पाहिलं.

"पापा, इसमें कुछ लिखा ही नहीं है."

मी चष्मा पुसला. कागद पिवळा, स्वच्छ, धुतल्यासारखा. उजेडाला तिरपं धरलं तर निबाचे चरे दिसत होते, चिखल वाळल्यावर पाखराच्या पायांचे दिसतात तसे, पण अक्षर एकही लागत नव्हतं. शाई नव्हती. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि खाली सहीचं वेटोळं, तेवढंच निळं उरलेलं. मधला सगळा माणूस गेलेला. टाईप केलेले हुकूम तेवढे टिकले होते : अमुक तारखेला अमुक ठिकाणी हजर व्हावे, खेचरांची संख्या कळवावी, रजा नामंजूर. त्या कागदांवर अक्षर न अक्षर काळंभोर.

तुमच्या लक्षात आलं असेल, आमच्या लक्षात यायला तीन पिढ्या लागल्या. पावसाच्या जंगलातला हुकूम आम्ही रायपूरच्या उन्हात पाळला. वाळवीपासून वाचवायला जे ऊन दिलं, त्यानं वर्षानुवर्षं एकेक ओळ चाटून नेली होती.

त्या दुपारी मी काय काय ठरवलं ते आठवलं की अजून लाज वाटते. आधी ठरवलं, ट्रंक चोरीला गेली. मग, घरात पुराचं पाणी शिरलं. पण आमचं घर उरला या वस्तीतल्या उंचवट्यावर, इथं प्यायचं पाणी चढत नाही. शेवटी प्रांजूला म्हटलं, वाळवीनं खाल्ले असं सांगू. भारतात वाळवी असते हे त्यांनाही पटेल. बाबांना काही सांगायचं नाही. त्यांना वाटू दे, सगळं जिथल्या तिथं आहे. प्रांजू रडवेली झाली होती, तरी मान हलवत होती.

"वाळवीचं नाव नको घेऊ," दारातून आवाज आला.

बाबा चौकट धरून उभे होते. बनियन, लुंगी, आणि दोन दिवसांच्या उपासानं खोल गेलेले गाल.

"वाळवी लागू देल्ली नाही आमी. एक भोक दाखव मले."

मी हातातला कागद ट्रंकेत ठेवला.

"शाई गेली ना?" त्यांनीच विचारलं.

"तुमाले कसं माहीत?"

"डोळे आता गेले माहे. शाई तं डोळ्यांदेखत गेली." ते चाचपत खुर्चीवर बसले. "दर साली थोडी थोडी. पयले वाटलं, उन्हानं डोळे दिपते म्हणून फिकं दिसते."

मी विचारलं, मग ऊन देणं बंद काहून नाही केलं? ते गुडघ्यावर हात घासू लागले. मग म्हणाले, "बाप होता ना तवा. त्यानं साहेबाचं ऐकलं, मी त्याचं. अन् बंद केलं असतं अन् वाळवी लागली असती, तं काय तोंड दाखवलं असतं? शाई जाते तं हळूहळू जाते. वाळवी एका पावसात समदं नेते."

पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही, जणू ट्रंकेला सांगितलं. शाई चालली हे कळल्यावर त्यांनी कागदांवर वजनाला ठेवायच्या गिट्टीची जागा पक्की केली. एक वर, तारखेवर. एक खाली, सहीवर. कागद उलटला तरी तीच जागा. गार्डाच्या नोकरीत ते एवढंच शिकले होते की बिनातारखेचा, बिनासहीचा कागद कोणी हातात धरत नाही; ही दोन असली तर बाकीचं निभावून नेता येतं. म्हणून बाबांनी साहेबांच्या पत्रांतली नेमकी ती दोन वाचवली, आणि साहेबांनी घरच्यांना जे लिहिलं होतं ते सगळं, त्यांच्या दृष्टीनं निभावून नेण्यासारखं, उन्हात राहू दिलं.

"मले वाटे, कोनी येतच नाही आता," ते म्हणाले. "इतकी वर्सं कोनी आलं नाही. मी सुटलो म्हणलं. अन् तुह्या पोट्टीनं फोटो टाकला." आणि मग, "ती यायच्या आधी मले जाऊ दे, एवढंच म्हणून राहिलो होतो."

आता मला उशीखालच्या गोळ्या कळल्या. बापाला समजू नये म्हणून मी दाराआड कुजबुजत होतो, आणि तो बाप तेच माझ्यापासून लपवत आयुष्यभर जिना चढत होता.

रविवारी बाबांनी पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट मागितला. फोन डब्याला टेकवून ठेवला. रूथबाई दिसल्या तेव्हा त्यांच्या अंगावर लोकरीचं जाकीट होतं, आणि इकडे आमच्या मानेवरून घामाचे ओघळ. पांढरे केस, नाकात नळी, डोळे साफ निळे. मी बोलायचं ठरलं होतं. बोलले बाबा. त्यांच्या गार्डाच्या इंग्रजीत, अपघाताची खबर कंट्रोलला द्यावी तशा तुटक, सरळ वाक्यांत त्यांनी सांगितलं की कागद सुरक्षित आहेत, लिहिलेलं नाही. उन्हानं गेलं. ऊन आम्ही दिलं.

बाईंनी विचारलं, ऊन द्यायला कोणी सांगितलं होतं?

बाबा म्हणाले, तुमच्या वडिलांनी. आणि मग ढग फाटल्यावर साहेब कसे ओरडायचे ते त्यांनी आजोबांच्या आवाजात ओरडून दाखवलं, "धूप!" त्या क्षणी इतक्या दूरची ती म्हातारी दचकली. हसली की काय, मला नीट कळलं नाही. ओठ हलले खरे.

मग ती म्हणाली, मला दाखवा. प्रांजूनं सांगितलं, कुछ दिखेगा नहीं. बाईंना हिंदी कुठली कळायला. त्या म्हणाल्या, एकेक दाखवा. प्रांजू कागद धरायची, त्या बघायच्या, बोटानं खूण करायच्या, पलटा. मागची बाजू. पुढचा. कोरा कागद माणूस इतका वेळ कसा वाचू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक कागदाला त्यांचे डोळे वरून खाली, डावीकडून उजवीकडे जात होते. मला उठून जावंसं वाटत होतं. पंखा कागद फडफडवत होता म्हणून सुनंदानं तो बंद केला, आणि खोलीत नुसता घाम आणि त्या बाईंचा नळीतला श्वास राहिला.

बाबा एकदम म्हणाले, "शेवटचा दाखव. खाली. त्याची सही दुसरीच हाय."

आम्ही सह्या पाहिल्याच नव्हत्या. मजकूरच नाही तर सही कोण वाचतो? बाबांनी मात्र पाहिली होती, डोळे होते तेव्हा. बाकी सगळ्या पत्रांखाली एकच वेटोळं, या एकाखाली वेगळं. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुठल्या साहेबाचा कागद चुकून मिसळला. वेगळा काढणार होते. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, ट्रंकेत आहे म्हणजे साहेबाचाच. म्हणून त्याच्यावरही गिट्टी ठेवली.

प्रांजूनं तो कागद फोनसमोर धरला. बाईंचा चेहरा पडद्यावर मोठा, अजून मोठा झाला. मग त्यांनी तो शब्द वाचला, अगदी हळू, शाळेतलं पोर वाचतं तसा.

"डॅडी."

बाबा म्हणाले, "मी म्हणलं ना, सही बदलली होती."

बाईंनी तारीख विचारली. प्रांजूनं वाचून दाखवली. त्यांनी आपल्या जन्मापासूनचे महिने बोटांवर मोजले. त्यानंतर त्यांनी नावाचं विचारलं, आणि प्रांजूनं कागद उजेडाकडे तिरपा केला, इकडून, तिकडून. सहीच्या वर नुसतं पिवळं ऊन होतं. नाव असेल तर तिथंच कुठेतरी असेल. आम्ही ते पापडांशेजारी वाळवलं होतं.

बाई म्हणाल्या, कागद हलवू नका. तसाच धरा. प्रांजूचा हात भरून आला तेव्हा मी खालून तिचं कोपर धरलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लाइट गेली, वायफाय गेलं आणि पडदा काळा झाला.

पावसाळ्यात आम्ही कागद पार्सलनं पाठवले. ट्रंक जड, म्हणून ती राहिली. बाबा रोज विचारायचे, पोचलं का. शेवटी भाच्याचं उत्तर आलं. पार्सल मिळालं, आभार. मावशी त्याच्या थोडे दिवस आधी गेली.

मी ते स्वयंपाकघरात उभा राहून वाचलं. बाबा खोलीतून म्हणाले, "काय म्हणते रे?"

"पोचलं."

"हातोहात?"

"हो."

"तिच्या?"

"तिच्याच."

त्यांनी मान हलवली. "चार्ज देल्ला एकदाचा," म्हणाले, आणि दहीभात मागितला. दिवाळीच्या आत तेही गेले. अमानत हातात पडली नाही, हे आता मला एकट्याला माहीत आहे. आजोबांनी ट्रंक सांभाळली, बाबांनी सह्या सांभाळल्या, माझ्या वाट्याला हे आलं. याला ऊनही दाखवता येत नाही.

सुनंदानं तिसरी हाक मारली तेव्हा मी गिट्टी ओंजळीत घेऊन वर गेलो. पातळाच्या चारी कोपऱ्यांना एकेक ठेवली. पापड बघता बघता वळायला लागले होते. गच्चीवर काळी भुकटी, वर पांढरं आभाळ, कुठे पाखरू नाही. दुपारी पापड उलटायला गेलो तेव्हा कोपऱ्यातली एक गिट्टी उचलली आणि तिच्याखालच्या जागेवर तळहात टेकवून पाहिला. भोवताली सगळं पेटलेलं होतं. तेवढीच जागा, सहीएवढी, कोमट होती.